थेट तीस

"राष्ट्राचं भवितव्य पाळणाघरात घडतं!" असं गिरधरआप्पांनी शनिवारी सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर जाहीर केलं. दुसऱ्या घोटाला त्यांनी सुनेला विचारलं, "संध्या, पन पाळनाघरमा इतला पाळना मावतस का?"

संध्या नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचत होती. सोमवारी धानोऱ्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून हजर व्हायचं, नाही तर नेमणूक रद्द. नवरा भरत एसटीत कंडक्टर, सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला. राहिले आप्पा. मागच्या आठवड्यात अडीच वर्षांच्या नातीला, दामिनीला, त्यांनी दोन तास सांभाळून दाखवलं होतं. संध्या परतली तेव्हा आप्पा घोरत होते आणि दामिनी त्यांच्या टकलाला मन लावून टूथपेस्ट लावत होती. त्याच दिवशी घरात पाळणाघराचा विषय निघाला आणि निवड समितीचं अध्यक्षपद आप्पांनी स्वतःकडे घेतलं. समितीत दुसरं कोणी नव्हतं.

पहिली पाहणी गल्लीतल्या मीनाबाईंची. पुढची खोली, एक सतरंजी, सात पोरं, खिचडीचा वास. आप्पांनी चष्मा सावरला.

"मीनाबाई, तुम्हना अभ्यासक्रम काय शे?"

मीनाबाई एका पोराचं नाक पुसत होत्या. "अकरा वाजता खातस, एक वाजता निजतस. मधमा रडतस."

"आनि ध्येय?"

"संध्याकायले जेनं पोर तेलेच देवानं."

'दूरदृष्टीचा अभाव,' असा शेरा आप्पांनी मनातल्या मनात मारला आणि रिक्षा बोलावली.

दुसरी पाहणी 'ज्ञानपंख ग्लोबल चाइल्ड स्टुडिओ'ची. काचेचं दार, एसी, भिंतीवर खोलीपेक्षा उंच असल्यामुळे मान वाकवलेला जिराफ. संचालिका मॅडम तीनच महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या. जागा एकच उरली होती आणि ती मुलाचं 'पोटेन्शियल' पाहून मिळणार होती. दामिनीला प्लास्टिकच्या मशरूमवर बसवून मुलाखत सुरू झाली.

"बेटा, नंबर्स येतात? वन, टू... पुढे काय?"

दामिनीने मॅडमकडे पाहिलं, जिराफाकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "तीस."

"काय?"

"माले तीस."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "तीस? थेट तीस?"

"तीस लागनी!"

आता नंदुरबारातल्या कुठल्याही शेंबड्या पोराने हे ऐकून तांब्या आणला असता. घसा कोरडा पडला की अहिराणीत तीस लागते. पण मॅडमच्या पुण्यात लागते ती तहान, आणि तीस एकोणतीसच्या पुढे येतात.

"मधले सत्तावीस आकडे स्किप केले!" मॅडम कुजबुजल्या. "ही गिफ्टेड आहे. घरात मॅथ्स कोणाचं चांगलं?"

संध्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पंख्याकडे पाहिलं. एसीमुळे तिथे पंखा नव्हता, तरी पाहिलं.

"तसं मन्हंच," ते म्हणाले.

"मग सोमवारपासून घ्याल ना हिला?" संध्याने घाईघाईने विचारलं.

"ऑफ कोर्स!" मॅडमनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "बेटा, वन्स मोर?"

"तीस! तीस! तीस!" दामिनीने भोकाड पसरलं.

"बघा, आकड्यांची काय पॅशन आहे! डोळ्यांत पाणी आलं तिच्या!"

चहाच्या टपरीवर ही बातमी कशी फोडायची, त्याचं पहिलं वाक्य आप्पांनी जुळवलं होतं. दुसरं जुळवणार, तोच दामिनी मशरूमवरून उतरली आणि त्यांच्या पायजम्याला धरून उभी राहिली. तोंड उघडं, पण आता त्यातून आवाजही निघेना. आप्पांचं जुळवलेलं वाक्य पार विस्कटलं.

"मॅडम, पोरले पानी द्या," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "तीस म्हनजे तहान."

मॅडमनी मोबाइल खाली केला. जिराफाच्या पोटातल्या घड्याळाकडे बघत त्या म्हणाल्या, "हायड्रेशन ब्रेक साडेअकराला असतो. आणि जागेचं... आपण तुम्हाला वेटिंगवर ठेवू."

संध्याने पोरीला काखोटीला मारलं. "चला, आप्पा."

गल्लीच्या तोंडाशीच दामिनीला पुन्हा कंठ फुटला. "तीस!" मीनाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. माठातून पेला भरला आणि दारात धरला. अर्धा दामिनीच्या पोटात गेला, अर्धा फरशीवर.

"सोमवारले आठ वाजता आना," मीनाबाई म्हणाल्या. "दोन चड्ड्या जादा द्या."

संध्याने आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आप्पा मात्र मीनाबाईंच्या दारातल्या खुर्चीत बसून ताठ झाले. समितीचा निर्णय जाहीर करण्याची वेळ आली होती.

"मी पहिलेच सांगेल व्हतं! मातृभाषा म्हनजे लेकरूना पाया, संस्कृतीना कळस, आनि या राष्ट्रना—"

"आप्पा," मीनाबाई फडकं घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसल्या होत्या, "जराखा पाय उचला. फरशी पुसनी शे."