दहा मिनिटं पुढं

मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो हातोडा. मी एक जुनी काच आहे, गाडीच्या डॅशबोर्डात बसवलेली, वेळ दाखवणारी. मला काटे नाहीत. दोन पातळ काचांमध्ये एक द्रव आहे. त्याच्यातून विजेची बारीकशी लहर गेली की काळे आकडे उमटतात. वीज इतकी थोडी लागते, की गाडीची बॅटरी काढून नेली तरी पाठीतल्या बटणाएवढ्या सेलवर मी वर्षभर चालते. मात्र मला स्वतःचा उजेड नाही आणि आवाजही नाही. हे लक्षात ठेवा.

मी आधी एका व्यापाऱ्याच्या मोटारीत होते. ती नागपूर रस्त्यावर ट्रकवर आदळली. चालकाचं डोकं माझ्या शेजारीच फुटलं. आदिलाबादच्या भिवाजी मिस्त्रीनं छिन्नी घालून मला त्या चेपलेल्या पत्र्यातून उपटून काढलं, रक्त पुसलं आणि चंपतरावांच्या जीपच्या डॅशबोर्डाला भोक पाडून तिथं ठोकून बसवलं. ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वदची.

"काटे कुठं हाय हो याचे?" पहिल्याच फेरीला एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"काटे नाही, आकडे हाय. तुमाले वाचता येते का?" चंपतराव म्हणाले.

"मले पैसे तेवढे वाचता येते," म्हातारा म्हणाला, आणि सगळी जीप हसली.

चंपतराव आदिलाबाद ते बोथ आणि बोथहून पलीकडच्या खेड्यांपर्यंत माणसं नेत. मे महिन्यात ऊन थेट माझ्यावर आलं की मी सगळी काळी पडे. मग ते ओला रुमाल माझ्यावर टाकत. एकदा जागेवरून दोन गडी भांडले आणि एकाची कोयती माझ्या कडेला लागली. ओरखडा अजून आहे. चंपतरावांनी त्या माणसाला कॉलर धरून खाली उतरवलं आणि आधी माझ्यावरून बोट फिरवून पाहिलं.

त्यांची एक रीत होती. ते मला नेहमी दहा मिनिटं पुढं ठेवत. "पॅसेंजर घड्याळ पायते अन् धावत येऊन बसते," असं म्हणत. स्वतः मात्र माझ्याकडे बघितलं की मनातल्या मनात दहा वजा करत. तीन वर्षांत एकदाही त्यांना उशीर झाला नाही. मनगटी घड्याळ त्यांनी लेकीला, रुख्मिणीला देऊन टाकलं होतं. ती आदिलाबादला मास्तरीण होण्यासाठी शिकत होती आणि परीक्षेत तिला वेळ बघावी लागे.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात बोथच्या स्टँडवर एक कागद चिकटला. त्या दिवशी संध्याकाळी सहापासून बंद. सहानंतर रस्त्यावर दिसलेली गाडी जाळली जाईल. कागद जंगलातल्या नक्षली माणसांचा होता. त्यांचं बोलणं कुणी थट्टेवारी नेत नसे.

त्याच दुपारी शेवटचा पेपर देऊन रुख्मिणी वडिलांच्या जीपमधून बोथला आली. ते चहाला उतरले, ती पुढच्या सीटवर बसून राहिली. तिनं मनगटावर पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वर्षं खोटं बोलून राह्यली तू?" ती मला म्हणाली. माझ्या खालची दोन बटणं दाबून तिनं मला मनगटी घड्याळाशी जुळवलं, मिनिटाला मिनिट. बा आले की सांगू, असं तिच्या मनात होतं. पण बा आले ते टपावर चढलेल्या पोरांना शिव्या घालत. ती पुस्तकं सावरून उतरली आणि घराकडे गेली.

त्या दिवशी मी तीन वर्षांनी खरी वेळ दाखवत होते.

गाडी उभी करून चंपतरावही घरीच निघाले होते. तेवढ्यात जयवंताबाई आडवी आली. तिची नात तापानं फणफणली होती. दवाखान्यातून औषध मिळालं होतं, पण गाव नाल्यापलीकडे, पंचवीस मिनिटांवर.

"दादा, सोडता का? पोरीले घेऊन कुठं राहू मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाच चाळीस दाखवत होते. त्यांनी दहा वजा केले.

"साडेपाच झाले. सहाच्या आत पोचतो. आज तुमच्याच गावाले मुक्काम करतो," ते म्हणाले.

नाल्याच्या अलीकडे उजेड मावळायला लागला. ते वाकले आणि त्यांनी माझ्यावर काडी पेटवून धरली. सहा दोन. "भिऊ नका बाई, आठ मिनिटं हाय अजून," ते म्हणाले. मला आवाज असता तर मी किंचाळले असते.

वळणावर नुकतंच पाडलेलं झाड आडवं होतं. दहा-बारा माणसं पुढं आली. एकानं बॅटरीचा झोत टाकून तेलुगूत वेळ विचारली, "टैम एंतैंदि?"

"सहा नाही झाले, अन्ना. पाच-सहा मिनिटं बाकी हाय."

त्यानं झोत माझ्यावर आणला. सहा चार. मग स्वतःच्या मनगटावर. तेच.

"ते दहा मिनिटं पुढं हाय! पोरीची आण!" चंपतराव ओरडले.

हा आपल्याला बनवतोय असं त्या माणसाला वाटलं. त्यानं बंदुकीचा दस्ता आधी माझ्यावर घातला, मग चंपतरावांच्या कपाळावर. माझी काच तडकली, आतला द्रव शाईसारखा पसरला आणि तासाचे आकडे कायमचे झाकले गेले. त्यांना ओढून काढलं, लाठ्यांनी हाणलं. बाईला खाली ढकललं. मागच्या सीटवर पोर झोपलेलं आहे हे बघायच्या आधीच त्यांनी रॉकेल ओतून काडी लावली. रक्तानं डोळे भरलेले चंपतराव उठले, आगीत शिरले आणि पोरीला बाहेर फेकल्यासारखं जयवंताबाईच्या अंगावर दिलं. मग ते गुडघ्यांवर बसले ते उठलेच नाहीत. दस्त्याच्या घावानं सुटलेली मी त्यांना ओढून काढलं तेव्हाच गवतात पडले होते.

त्यांचा श्वास सकाळपर्यंत चालू होता. पण गावात बंद लागू होता. दवाखान्यात न्यायला कुणी गाडी काढली नाही.

भिवाजीनं मला गवतातून उचलून रुख्मिणीला आणून दिलं. तेराव्याला जयवंताबाई आली, नातीला कडेवर घेऊन. "शेवटी घड्याळाचंच बोलत होते तुझे बा. दहा मिनिटं पुढं हाय म्हणे."

रुख्मिणीनं मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी फक्त मिनिटं दिसतात. ती तंतोतंत जुळत होती.

आता ती शिकवते. मी तिच्या घरातल्या टेबलावर असते. सेल संपायच्या आत ती बदलते. एकच गोष्ट तिनं केली, मला पुन्हा दहा मिनिटं पुढं ठेवलं.

मित्रांनो, कुणाच्या वस्तूत चूक दिसली तर जरूर दुरुस्त करा. पण ती ज्याच्या हातातली आहे त्याला सांगा. त्यानं त्या चुकीभोवती आपलं सगळं आयुष्य बेतलेलं असू शकतं. वह्या द्यायला मुलं घरी येतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असो वा नसो, रुख्मिणीबाई प्रत्येकाला दारापर्यंत जाऊन सांगतात,

"ते घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे, बरं का."