दुभाष्याचा प्लग

तिनं एक नंबरची पट्टी वर सरकवली आणि रंगमंचाच्या भलत्याच टोकाला दिवा लागला. लागायचा होता डावीकडच्या दारावरचा, लागला उजवीकडच्या खिडकीवरचा. तिनं पट्टी खाली घेतली, दोन नंबरची वर केली. खिडकीच्या शेजारचा दिवा लागला. तीनला त्याच्या अलीकडचा. अशी ती एकेक पट्टी सरकवत आठवर पोचली, तेव्हा कुठे दार उजळलं.

“वा,” पहिल्या रांगेत बसलेला मॅनेजर म्हणाला. “खिडकीत उगवायचा सूर्य दारातून आत येतोय. निदान बेल वाजवून आला का तेवढं बघ.”

ती हसली नाही. संध्याकाळी प्रयोग होता आणि आता दुपार कलायला लागली होती.

नाट्यगृहातले डिमर जुने, पट्ट्यांचा बोर्ड नवा, आणि दोघांची भाषा वेगळी. डिमरला तारेतून येणारा वीजदाब कळायचा. तो कमी झाला की दिवा मंद, वाढला की प्रखर. नव्या बोर्डाला नुसते आकडे बोलता यायचे. म्हणून मध्ये कन्व्हर्टरचा एक काळा डबा बसवला होता. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘दुभाषा’ ठेवलं. “जन्मभर दिव्यांशी सरळ बोलत आलो. आता मध्ये दलाल,” असं म्हणून ते रागारागानं निघून गेले होते. ती जन्मायच्या आधीपासून इथल्या प्रकाशाची सगळी मदार त्यांच्यावर होती, आणि आता त्यांच्या खुर्चीवर ती बसली होती. डिमरपासून दुभाष्यापर्यंत जाणाऱ्या तारांचा प्लग मात्र त्यांनी तिला करू दिला नाही. “डिमर माझे, तर प्लगही माझाच,” म्हणाले. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून, सोल्डरिंगची गन घेऊन बसले, आणि तिला जवळ फिरकूही दिलं नाही.

मॅनेजर जिना चढून तिच्या केबिनमध्ये आला.

“बोर्डावरच आकडे उलटे कर ना. एकाला आठ म्हण, दोनाला सात. मिनिटाचं काम आहे.”

“हो,” ती म्हणाली.

खरोखर मिनिटाचंच काम होतं. पण तिनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ती खाली डिमरच्या खोलीत गेली. मॅनेजरही मागोमाग आला.

प्लगचं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. काय काम होतं! सोल्डरचा एकेक थेंब लख्ख, कुठे ओघळ नाही, प्रत्येक तारेवर नळीचं इवलंसं टोपडं, आणि सगळ्या तारा दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. फक्त क्रम उलटा. प्लगवरचे नंबर पुढून वाचायचे असतात आणि सोल्डर मागून करायचं असतं. मागून बघताना एक नंबर दुसऱ्या टोकाला जातो. मधली पिन तेवढी दोन्हीकडून मधलीच. नेमकी सगळ्या दिव्यांची सामाईक तार तिच्यावर, म्हणून दिवे लागत तरी होते. या धंद्यात शिकताना हा घोळ प्रत्येक जण घालतो. एकदा घालतो, शिव्या खातो आणि पुन्हा कधी घालत नाही. तिनंही घातला होता, आणि बाबा आठवडाभर तिची टिंगल करत होते.

मॅनेजर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“मास्तरांच्या हातून अशी चूक?” तो म्हणाला. “शक्यच नाही. म्हाताऱ्यानं खोडी काढली. नवीन बोर्ड पहिल्याच दिवशी तोंडावर पडावा, म्हणून.”

आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बापाला कुणी लबाड म्हटल्यावर मुलीनं भडकायला हवं. तिला मात्र मॅनेजरला चहा पाजावासा वाटला. गेले काही महिने ती एकटीच एक भीती घेऊन फिरत होती. बाबांनी गॅस चालू ठेवला तेव्हा तिनं म्हटलं, कुणाकडून राहत नाही? तिला त्यांनी आत्याच्या नावानं हाक मारली तेव्हा म्हटलं, चेहरा आत्याचाच आहे माझा. एकदा तालमीनंतर ते बाहेरच्या बसथांब्यावर नुसतेच उभे दिसले, एकामागून एक बस सोडून देत. त्यावर काय म्हणावं ते तिला अजून सुचलं नव्हतं. भाऊ फोनवर म्हणायचा, डॉक्टरला दाखव. ती म्हणायची, तू ये आणि दाखव. मॅनेजरला तर तिनं कशाचाच पत्ता लागू दिला नव्हता.

पण हे मुद्दाम केलं असेल तर? मुद्दाम उलटं जोडायला सुलटं आधी डोक्यात पक्कं असावं लागतं. म्हणजे बाबा जसेच्या तसे होते. हट्टी, आकसखोर आणि तल्लख. अशा माणसाशी कडाकडा भांडता येतं, आठवडाभर अबोला धरता येतो. तिला तेवढंच हवं होतं.

बाबा कपडेपटाच्या खोलीत एका पेटीवर बसून रंगीत फिल्टरचे कागद पुसत होते. तिनं उघडा प्लग त्यांच्या मांडीवर ठेवला.

“हे काय केलंत, बाबा?”

त्यांनी चष्मा नाकावर ढकलला, प्लग उजेडाकडे धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“झकास झालाय. नाही? हात अजून हलत नाही माझा.”

“एक नंबर कुठला?”

“हा.” त्यांनी मागच्या बाजूनं पहिल्या पिनेवर बोट ठेवलं.

तिनं प्लग त्यांच्या हातातच पालथा केला. समोरच्या बाजूला पिनांशेजारी बारीक आकडे कोरलेले होते.

“आणि आता?”

ते आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी प्लग फिरवला. पुन्हा फिरवला. बोट एका टोकाला नेलं, उचललं, दुसऱ्या टोकाला नेलं. तिला वाटलं होतं, आता मिशीत हसतील, ‘पकडलंस गं’ म्हणतील. ते बोट मात्र दोन टोकांच्या मध्ये तसंच थांबून राहिलं.

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता.

“मुद्दाम केलंत ना?” ती घाईनं म्हणाली. “रागावला होतात. मला माहीत आहे. माझ्यावर राग होता, त्या डब्यावर होता. मी काही बोलणार नाही, बाबा. फक्त मुद्दाम केलं म्हणून सांगा.”

बाबांनी वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे ते बराच वेळ बघत होते. एखादा दिवा नीट लागला आहे की नाही हे बघताना बघायचे तसे, डोळे किंचित बारीक करून. मग त्यांनी चष्मा काढला आणि मॅनेजरकडे मान वळवली.

“हो,” ते ठणठणीत आवाजात म्हणाले. “मुद्दाम केलं.”

“मास्तर...”

“मास्तर काय? माझी जागा एका डब्याला देता आणि वर माझ्याकडूनच त्याचं काम करून घेता? घडली ना अद्दल?”

मॅनेजर एक पाऊल मागे सरकला. तो नव्यानं नोकरीला लागला तेव्हा तिकीट कुठे फाडायचं हेसुद्धा त्याला बाबांनी शिकवलं होतं.

“तुमच्या निरोपासाठी आज आम्ही सत्कार ठेवला होता,” तो शेवटी म्हणाला. “आता कुठल्या तोंडानं करू? संध्याकाळी केबिनकडे येऊ नका. यापुढेही नको.”

“नाही येत.”

ती काहीतरी सांगायला पुढे झाली. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तो दाबून धरला. मॅनेजर वळला. त्याच्या बुटांचा आवाज बोळातून जिन्यापर्यंत गेला, जिना चढला आणि ऐकू येईनासा झाला. तोवर बाबा दाराकडेच बघत होते.

“गेला का?”

“गेला.”

त्यांनी तिला पेटीवर आपल्या शेजारी बसवून घेतलं. फिल्टर पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. तिनं त्यानंच डोळे पुसले.

“रडू नकोस,” ते अगदी हळू म्हणाले. “तू सांगितलंस तसंच बोललो ना मी? आता मला सांग, मी केलं काय?”