दुसरा ब्रेक

बाईंनी कागद टेबलावर आपटला आणि त्यावर पंजा ठेवला.

"हा आकडा गाडीचा लावलाय की नुसत्या चाकांचा?"

विमा कंपनीच्या साहेबाने चष्मा वर सरकवला. "गाडी अकरा वर्षं जुनी, बाई. शिवाय तुमच्या बाजूला आणखी एक ब्रेक बसवलेला. मूळ गाडीत फेरफार केला की किंमत उतरते."

फेरफार म्हणे! बाईंचं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक नको, तर काय नुसतं देवाचं नाव घेत बसायचं? गाडीचा पार चेंदामेंदा झाला होता. एवढ्याशा पैशांत दुसरी येणार नव्हती, आणि गाडी नाही म्हणजे शिकवणीला टाळं.

साहेब निवांत फाईल चाळत होता. त्याचा तो निवांतपणाच डोक्यात जात होता.

"अपघाताचं कारण," त्याने वाचून दाखवलं. "शिकणारी घाबरली, तिने भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला, मागून ट्रक आदळला. सही तुमची."

"माझीच."

शिकणारी म्हणजे इस्पितळातली नर्स. पन्नाशी गाठलेली, घरच्यांची चेष्टा कानाआड करून हौसेने शिकायला आलेली. बाईंचा ब्रेक दाबला की तिच्या पायाखालचाही खाली जायचा, त्यामुळे गोंधळात कुणाचा पाय आधी पडला हे तिला कळलंच नव्हतं. रस्त्याच्या कडेला बसून ती एकच म्हणत होती, माझ्यामुळे झालं. त्यानंतर ती फिरकली नाही. बाईंनीही फोन केला नाही.

"बरं, तुमचा तो ब्रेक," साहेब म्हणाला, "इतका जुना. चालत तरी होता का?"

"चालत होता का?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "दर रविवारी मी स्वतः वाकून तपासायचे! त्या दिवशीसुद्धा समोरून पिशवी उडत आली, मला मांजर वाटलं, नुसता पाय टेकवला तर गाडी जागच्या जागी..."

त्या थांबल्या. टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर घट्ट रोवला गेला होता.

साहेबाने फाईलवरून मान वर केली.

"म्हणजे ब्रेक तुम्ही दाबलात?"

बाई सावकाश खाली बसल्या.

"पेन द्या."

त्यांनी ती ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, शेजारी सही केली. मग पेन परत करताना म्हणाल्या, "पण त्या आकड्याचं भांडण अजून मिटलेलं नाही, सांगून ठेवते. उद्या परत येणार आहे मी."

बाहेर पायरीवर येऊन त्यांनी नर्सला फोन लावला.

"मी बोलतेय. ऐक, त्या दिवशी ब्रेक तू नव्हता दाबलास. मी दाबला होता."

नर्सने लगेच विचारलं,

"मग इतके दिवस गप्प का बसलात, बाई?"

"शिकवणीचं नाव जाईल म्हणून भ्याले," सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या.