साखरबाईची चाळीस मिनिटं

गुरुवारी दुपारी साखरबाई पंपघराच्या दारात आली ती मोबाइल उगारूनच.

"गेणबा, ह्यात किती वाजल्यात?"

"दोन चाळीस."

"आन् तुझ्या त्या डब्यात?"

गेणबानं मागं वळून कॉम्प्युटरकडं पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन वाजायला एक मिनिट कमी होतं.

"माझा वॉल दोनला उघडायचा. चाळीस मिनिटं झाली, नळीला घोटभर पाणी न्हाय. चारला लाइट जाती. माझ्या वांग्यांनी काय तुझ्या मेव्हण्याच्या उसाकडं बघून तहान भागवायची?"

एवढ्यात मिनिट भरलं, आत खट्ट झालं आणि साखरबाईच्या शेताच्या पाइपावरचा वॉल उघडला. ती आणखी काही बोलणार होती, पण पाणी सुटलं म्हटल्यावर बोलणं अर्धवट टाकून बांधानं पळाली.

निरवांगीतली ती बारा शेतकऱ्यांची संस्था. नीरा नदीवरून पाणी उचलायचं आणि वाटून घ्यायचं. सोमवारी आणि गुरुवारी चौघांची पाळी. आठला गेणबाची स्वतःची, दहाला साळुंख्यांची, बाराला गेणबाच्या मेव्हण्याची आणि दोनला साखरबाईची. वॉल उघडायचं आणि मिटायचं काम दोन वर्षांपासून कॉम्प्युटर करत होता. पंपघराची किल्ली मात्र गेणबाकडं होती, आणि ती चौदा वर्षं त्याच्याच कमरेला होती. संस्थेचा नियम असा, की ज्याच्या पाळीत लाइट जाईल त्याचं तेवढं पाणी बुडालं. पुढच्याच्या वेळेला हात लावायचा नाही.

त्या दिवशी बारा ते दोनच्या मधे लाइट तीनदा गेली होती. म्हणजे नुकसान मेव्हण्याचं व्हायचं, ते साखरबाईच्या माथी गेलं. गेणबानं मेव्हण्यासाठी घड्याळ मागं ठेवलं, याशिवाय गावाला दुसरं काय दिसणार?

संध्याकाळी संस्थेचा अध्यक्ष विजयसिंह घरी आला. वयानं तो गेणबाच्या मुलाएवढा.

"तात्या, मी तुमच्यावर इश्वास ठेवतो. पण साखरबाई म्हणती, तुमीच घड्याळ मागं करता. रविवारी मीटिंग हाय. बिघाड काय हाय ते दुकानातनं लिहून आणा. नसंल आणता येत तर किल्ली ठेवा."

"आणतो," गेणबा म्हणाला.

घड्याळाचं दुखणं त्याला ठाऊक होतं, पण निम्मंच. दिवाळीच्या आधीपासून सकाळी कॉम्प्युटर लावला की त्यात आदल्या दिवशीचे चार वाजलेले असत. लाइट गेली तिथंच ते घड्याळ थांबायचं. गेणबा मोबाइल बघून वेळ लावायचा आणि नदीत बुडलेल्या पाइपाच्या तोंडाशी, फुटवॉलला अडकलेलं शेवाळ काढायला जायचा. पंपघरात रेंज नव्हती, त्यामुळं वेळ आपोआप दुरुस्त व्हायचा प्रश्नच नव्हता. इंदापूरच्या एका पोरानं दोनदा बॅटरी बदलून दिली. प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. सकाळी एकदा वेळ लावली की दिवसभराची काळजी मिटली, असं गेणबा समजत होता. भरदुपारी लाइट पंधरा मिनिटं जाऊन आली, तर कॉम्प्युटर आपोआप लागतो, पण घड्याळ तेवढी पंधरा मिनिटं झोप काढतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानं कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बारामती गाठली. तिथं राजेश्वरीचं दुरुस्तीचं दुकान होतं. पस्तिशीची बाई, केसांत पेन खोचलेलं.

"काय होतंय याला, आबा?"

"लाइट गेली की ह्याचा काळ थांबतो."

"कुणाचाही थांबंल," असं म्हणत तिनं पेचकस घेतला. डब्याच्या डाव्या बाजूला पत्राच नव्हता. "हे उघडं का?"

"उन्हाळ्यात लई तापतं, म्हनून काढून ठेवलाय."

तिनं रुपयाएवढी गोल बॅटरी काढली आणि मीटर लावला. "तीन व्होल्ट पाहिजे, सव्वादोन दाखवतोय. कधीची?"

"पंधरा दिसांची."

"पंधरा दिवसांत? ही चार-पाच वर्षं जाते, आबा. डबा बंद असला तरी आतलं घड्याळ हिच्यावर चालतं. मरू द्या बॅटरी, हिला पितंय कोण ते बघू."

नवीन बॅटरी घालायच्या आधी तिनं दिवा खाली ओढला आणि भिंग धरून आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर बराच वेळ बघत राहिली. गेणबा स्टुलावर बसला होता. त्याला वाटलं, आता ही बाई म्हणणार की काहीच बिघाड नाही. तसं झालं तर रविवारी काय तोंड दाखवायचं?

"आबा, इकडं या. ही बारकी चंदेरी नळी दिसली? हा घड्याळाचा खडा. ह्याच्या ठोक्यावर सगळा वेळ चालतो. आता त्याच्या पायाशी बघा."

गेणबानं भिंगातून पाहिलं. नळीभोवती आणि बॅटरीच्या खाचेत पिवळा-तांबडा थर चढला होता, गुळाच्या पाकासारखा वाळलेला. तो त्यानं लगेच ओळखला.

"कशाचं आहे हे?" राजेश्वरीनं विचारलं.

"हळदकुंकू," तो हळू म्हणाला. "आन् नारळाचं पानी. खंडेनवमीला मोटारीची पूजा करतो ना दरसाल. औंदा म्हनलं, राबतंय तर हेपण. मोटारीला वाहिलं, तसं ह्याच्या आतबी वाहिलं. पर लाइट बंद करूनच शिंपडलं होतं."

राजेश्वरी आधी हसली, मग त्याचं तोंड बघून थांबली. "बंद केली म्हणून तर जळलं नाही. पण ते पाणी गोड, खारट. वाळलं तरी हवेतली ओल धरतं आणि त्यातनं बॅटरी हळूहळू गळते. दोनदा बदलली तरी घोडं इथंच पेंड खात होतं."

तिनं ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तो थर घासून काढला, गरम हवेनं पाटी वाळवली आणि नवीन बॅटरी घातली. वेळ लावली, बंद केलं, वायर काढून ठेवली. "आजची रात्र असंच पडू द्या. तासाभराची परीक्षा खोटी असते."

गेणबा जवळच कन्हेरीला लेकीकडं मुक्काम करून शनिवारी सकाळी परत आला. राजेश्वरीनं वायर लावली. पडदा उजळला. मोबाइलात दहा वाजून सतरा मिनिटं, डब्यातही तेवढीच.

"कारण लिहून पायजे," गेणबा म्हणाला. "अध्यक्षांनी मागितलंय."

तिनं केसांतलं पेन काढलं. "बॅटरी खराब होती, असं लिहू? ते खोटं नाही."

गेणबानं विचार केला. बॅटरी म्हटलं तर कुणी बोट दाखवणार नव्हतं. पण दोनदा बॅटरी बदललेली साखरबाईला माहीत होती. शिवाय तिची वांगी सुकली ती काही बॅटरीमुळं नाही.

"जे निघालं ते लिहा. माझ्या नावासकट."

रविवारी मीटिंगमध्ये विजयसिंहानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. नारळाच्या पाण्यापर्यंत आला आणि त्यालाच हसू आवरेना. मग सगळेच हसले.

"म्हंजे माझं पानी देवानं प्यालं म्हन की!" साखरबाई म्हणाली.

"देवाला कशाला मधी घेती? मी पाजलं," गेणबा म्हणाला. त्यानं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घड्याळ मी मागं केलं न्हाय. पर ते थांबलं माझ्या हातानंच."

विजयसिंहानं साखरबाईकडं पाहिलं. "नुकसान तुमचं झालंय. तुमीच सांगा."

साखरबाईनं पदर सावरला. "किल्ली राहू द्या त्याच्याकडंच. दुसऱ्या कुनी ती चिठ्ठी लिहून आनली नसती. पर हा हंगाम संपस्तोवर आठची पाळी माझी, दोनची त्याची."

"कबूल," गेणबा म्हणाला.

"आन् पूजा?" मेव्हण्यानं मागून विचारलं.

"भाईरनं," साखरबाई म्हणाली. "पत्रा लावून."

सोमवारी साखरबाईच्या वांग्यांना आठ ते दहा भरून पाणी मिळालं. तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली, तेव्हा गेणबाच्या मक्याला पाणी चालू होतं. पंचवीस मिनिटांनी आली. गेणबानं मोबाइल डब्याशेजारी धरला. दोन्हीकडं तीन पस्तीस. बरोबर चारला त्याचा वॉल मिटला.

तो शेतात गेला तेव्हा कडेच्या पाच सऱ्या कोरड्याच होत्या. बांधावरून साखरबाई येत होती.

"किती राहिल्या रं?"

"पाच."

"माझ्या दर खेपेला नऊ राहत व्हत्या," ती म्हणाली, आणि भाकरीचं फडकं त्याच्या हातात देऊन पुढं गेली.