पत्रिका घरीच छापू

उदगीरच्या मोंढ्यातले आडते मल्लिकार्जुनअप्पा यांनी आयुष्यात कुणाला शहाणं म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. धाकट्या लेकीचं, सृष्टीचं लग्न ठरलं, तेव्हा मलप्पाच्या छापखान्याच्या दारात उभं राहून त्यांनी चारचौघांत त्याला सुनावलं, की तू करतोस काय, बटन दाबतोस; ते मला घरी बसून दाबता येतं. मग लातूरहून कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, मराठी अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आलं. सॉफ्टवेअरसोबत बोटाच्या पेराएवढा एक डोंगल होता. तो कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला असला तरच ते चालायचं.

दसऱ्यापर्यंत ते चाललंही. पत्रिकेवर शिवलिंग बसलं, दोन्ही अंगांना नंदी बसले, फक्त छापायचं राहिलं. दसरा झाला आणि त्या दळभद्र्याने मान टाकली. पडद्यावर सारखी एकच पाटी: डोंगल सापडत नाही. डोंगल तर मागे बसलेला, साऱ्या घराला दिसत होता. असलं आंधळं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना अप्पांनी ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

आज रविवार होता. उद्या सकाळी लातूरचे व्याही पहिली पत्रिका न्यायला येणार होते, ती सिद्धेश्वराच्या पायाशी ठेवायला. पत्रिका नाही म्हटलं तर मांडव पडायच्या आधीच नाक कापलं जाणार होतं, आणि मलप्पाकडे जायचं तर ते स्वतःच्या हाताने कापून द्यावं लागणार होतं.

अप्पांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या पोरीने डोंगल काढून परत लावायला सांगितलं. लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. एवढ्यासाठी तुला पगार देतात का, असं अप्पांनी विचारलं. तरीही तिने शांतपणे डोंगलमध्ये पाणी गेलंय का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र अप्पा भडकले. आमच्या घरात त्याला देवासारखं ठेवलंय, पाण्याचा थेंब लागलेला नाही, असं सांगून त्यांनी फोन आपटला.

तेवढ्यात त्यांना भिंतीवरून जाणारी मुंग्यांची रांग दिसली. ती थेट कॉम्प्युटरच्या मागे शिरत होती. ह्यांच्या मालाला मुंग्यासुद्धा लागतात, म्हणून अप्पांनी बायकोला हाक मारली. गुरम्मा वाती वळत बसली होती. ती उठली, वाकून पाहिलं, डोंगल उपसला आणि बोटांनी चोळून पाहिला. बोटं चिकट झाली.

"खंडेनवमीला तराजूसंगं हे बी परातीत ठेवलं होतं का तुमी?"

"ठेवलं की. हत्यार हाय ते. पंचामृत घातलं, भस्म लावलं. वजनांना कधी काय झालंय का?"

"वजनं लोखंडाची असतात," गुरम्मा म्हणाली आणि पुन्हा वातींकडे गेली.

अप्पांना हे मुळीच पटलं नाही. देवाचं पंचामृत ज्याला सोसत नाही ते सॉफ्टवेअर कसलं! त्यांनी डोंगल कोमट पाण्याने स्वच्छ धुतला, पुसला आणि परत लावला. आता त्यावरचा मिणमिणता दिवाही गेला.

संध्याकाळी ते मलप्पाकडे निघाले. कंपनी कशी लुच्ची, सॉफ्टवेअर कसं भिकार, हे त्यांनी वाटेत मनाशी घोळून ठेवलं होतं. पण मलप्पाने काही विचारलंच नाही. त्याने अप्पांना बसायला खुर्ची दिली आणि फळीवरून कागदात बांधलेला गठ्ठा काढून पुढे ठेवला. वरची पत्रिका सृष्टीची होती, छापून तयार.

"सृष्टीताई दसऱ्याच्या आधीच मजकूर देऊन गेल्या," मलप्पा म्हणाला. "म्हनल्या, घरी काही बोलू नका. अप्पा येतील, जरा उशिरा येतील."

दसऱ्याच्या आधी, म्हणजे सगळं नीट चालत होतं तेव्हाच. अप्पांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली, चूक शोधायला पुन्हा वाचली. एकही सापडली नाही. पोटच्या पोरीने आपल्याला पुरतं ओळखलंय, याची त्यांना लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

शाई जरा फिकी आहे, असं म्हणून त्यांनी गठ्ठा काखोटीला मारला.