पोटातली कापलेली तार

थोरले, तुम्ही चोर आहात. हे मी तुमच्या तोंडावर सांगतो. बाहेरची गाणी म्हणजे गटार, असे तुम्ही दर सभेत व्यासपीठावरून सांगता. ते पाणी ज्याच्या कानात गेले तो कुजला, असेही सांगता. त्या गटारातून बादल्या भरभरून कोण आणत होते ते मी पाहिले आहे. मी तुमच्याच टेबलावर होतो.

मित्रांनो, दचकू नका. आपली कहाणी अशी शिवी देऊन सुरू करू नये, हे मला कळते. पण गोड बोलण्याची माझी हौस फिटली आहे. मी एक जुना टू-इन-वन आहे. म्हणजे रेडिओ आणि कॅसेट वाजवायचा टेप एकाच पेटीत. अंग काळे, दोन बाजूंना जाळीचे दोन गोल, मध्ये कॅसेटचे दार आणि कपाळावर रेडिओचा काटा. माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून आमच्या पोटात चिमट्याने तारा बसवत. शेवटच्या टेबलावरच्या मुलीने माझा काटा फिरवला. कुठलेसे गाणे लागले. तिने दोन ओळी ऐकल्या, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. माझी पहिली शाबासकी ती. पुढे फार मिळाल्या नाहीत.

मला विकत घेतले एका प्रार्थना मंडळाने. मंडळाच्या मुख्याला सगळे थोरले म्हणत. मंडळाची शाळा वेगळी, दुकाने वेगळी, लग्ने आपापसांत. सिनेमा, रेडिओ, टीव्ही, मासिके सगळे बंद. मी मात्र थोरल्यांच्या आतल्या खोलीत राहिलो. तिथे थोरले आणि सभेत हार्मोनियम वाजवणारे त्यांचे पेटीवाले काका दाराच्या फटीला टॉवेल लावून बसत आणि सिनेमातली गाणी ऐकत.

"ती जागा पुन्हा लाव," थोरले म्हणत.

"इथं रडतात बघा लोक," पेटीवाले काका म्हणत. त्यांना त्यातले चांगले कळत होते.

मग गाण्यातली माणसे बाहेर काढायची आणि देव आत घालायचा. विहीर शेजाऱ्याची, पाटी आपल्या नावाची. एक खट्याळ गाणे होते, 'उशीर केलास राजा, चहा झाला गार'. त्याचे झाले 'उशीर केला देवा, पाप झाले फार'. पुढच्या सभेत माणसे ढसाढसा रडली. चाल कुठून आली असे कोणी विचारलेच, तर थोरले डोळे मिटून सांगत, "ध्यानात असताना ऐकू आली."

एकदा या खट्याळ गाण्याची कॅसेट माझ्यात अडकली. फीत चाकाला गुंडाळली गेली. मला मंडळाच्या मेकॅनिककडे पाठवले. मेकॅनिक म्हणजे पापभीरू, खाली मान घालून काम करणारा माणूस. त्याने फीत सोडवली. कॅसेटवर छापलेले सिनेमाचे नाव वाचले. एक टोक जोडून थोडे वाजवूनही पाहिले. मग पेचकस खाली ठेवून तो उठला आणि त्याने ती कॅसेट शेगडीत घातली.

थोरल्यांना नवे यंत्र आले, तेव्हा मला त्याच मेकॅनिकला बक्षीस म्हणून देण्यात आले. अट एकच. रेडिओ बंद करून न्यायचा. त्याने माझी तार स्वतःच्या हाताने कापली. कापलेले टोक सुबक दुमडले. नंतर माझ्या नशिबी फक्त मंडळाच्या कॅसेटी.

मेकॅनिकच्या घरी त्याची बायको होती आणि जिला सगळे चिमणी म्हणत ती मुलगी. बायको लग्नाआधी मंडळाबाहेरची. ती 'पाप झाले फार'ची प्रार्थना माझ्यावर पहिल्यांदा वाजली तेव्हा ती भांडी घासत होती. ती हसू लागली. फेसातले हात तसेच ठेवून तिने ते गाणे खऱ्या शब्दांत शेवटपर्यंत म्हटले.

"आई, तू चुकीचं म्हणतेस," चिमणी म्हणाली. "चहा नाही, पाप."

"अगं, आधी चहाच होता," आई म्हणाली. "पाप नंतर आलं."

मंडळाच्या शाळेत दर आठवड्याला प्रत्येक मुलाने उभे राहून आपली एक चूक सांगायची असे. मी साखर चोरून खाल्ली. मी भावाला ढकलले. त्या आठवड्यात चिमणीच्या हातून काही चुकले नव्हते. रिकामे उभे राहायची लाज वाटली म्हणून तिने आईची चूक सांगितली.

आईला भर सभेत उभे केले. हे घाण शब्द तुझ्या मनाने जोडलेस, एवढे कबूल कर, म्हणजे माफ करतो, असे थोरले म्हणाले.

"मी कशाला जोडू?" आई म्हणाली. "मला यमक जुळवता येत असतं तर जन्मभर भांडी घासली असती का?"

दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले. मेकॅनिक लाउडस्पीकरजवळ बसला होता. ते काम त्याचेच. खरे काय ते त्या सभागृहात ज्यांना माहीत होते, त्यांतला एक तो. तो वायर गुंडाळत राहिला.

शिक्षा ठरली. कबूल करेपर्यंत हिच्याशी कोणी बोलायचे नाही. घरच्यांनीसुद्धा. हे सगळे मला आईनेच सांगितले, कारण घरात तिच्याशी वाजायला मीच उरलो होतो. माझ्या जाळीवरची धूळ पुसता पुसता ती म्हणायची, "आज मीठ जास्त पडलं, नाही रे? सांगणार कोण. दोघं मुकाट गिळून उठले." कधी म्हणायची, "चिमणीचे केस मागून वाकडे कापलेत तिच्या बाबांनी. मी नीट कापले असते." वर्षे गेली. 'मी जोडले', एवढीच चार अक्षरे तर होती. पण तिच्या जिभेला ती उचलेनात.

तिला कावीळ झाली तेव्हाही चिमणी तिच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवायची आणि भिंतीकडे बघत परत जायची. ती दुष्ट नव्हती. आपण बोललो तर आईचे पाप वाढेल, असे तिला शिकवले होते. आई गेली. शाळेत 'प्रार्थना बाटवणाऱ्या खोटारड्या बाईची गोष्ट' हा धडा सुरू झाला. चिमणी बाकावर बसून तो ऐकायची आणि इतरांबरोबर मान हलवायची.

पुढे मंडळाने तिचे लग्न एका विधुराशी ठरवले. चिमणी नाही म्हणाली आणि एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मला घेऊन घराबाहेर पडली.

गणवेश शिवायच्या कारखान्यात तिला काम मिळाले. तिथे मशिनींच्या घरघरीत बायकांच्या गप्पा चालत. अर्ध्या गप्पा सिनेमाच्या. कोणी एखाद्या खलनायकासारखे डोळे वटारले की सगळ्या हसत. चिमणीही हसायची, पण एक क्षण उशिरा.

"ए, तू कुठल्या गुहेत वाढलीस गं?" गुंड्यांची काजे करणारी म्हणाली. "हे तर शेंबडं पोरही ओळखतं."

"गुहेत प्रार्थना फार होत्या," चिमणी म्हणाली. सगळ्या हसल्या, आणि त्या दिवशी प्रथमच ती त्यांच्या बरोबरीने हसली.

तिने हरवलेले सगळे गोळा करायला घेतले. शेजारणीच्या टीव्हीसमोर बसून ती जुने सिनेमे पाही आणि कोण कोणाचा भाऊ, कोण मेला, कोण परत आला, हे परीक्षेसारखे पाठ करी. तिला मजा येत होती असे म्हणवत नाही. उपाशी माणूस घास चावतो थोडाच.

मला तिने दुरुस्तीला नेले. तिथला माणूस पोटात डोकावून म्हणाला, "तार तुटलेली नाही, कापलेली आहे. ज्यानं कापली त्याचा हात मात्र चांगला." त्याने दोन टोके घाईघाईत जोडून दिली. इतक्या वर्षांनी माझा काटा हलला आणि मी बोललो. ती मला कारखान्यात घेऊन गेली. इस्त्रीवाल्या मावशींच्या टेबलावर मला जागा मिळाली. ते माझे सुखाचे दिवस.

एका दुपारी माझ्यावर ती चाल लागली. चिमणीने मशीन थांबवले, डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटून उभी राहिली आणि हात जोडले. सवय ती. बायका खो खो हसल्या. चहा गार झाला म्हणून कोण हात जोडतं, असे काजेवाली म्हणाली. तेवढ्यात शब्द सुरू झाले, आणि चिमणीचे हात सुटले.

"हे गाणं कधीचं आहे, मावशी?"

"जुनं गं. माझ्या लग्नात वाजलं होतं. तू जन्मलीही नसशील." मावशींनी इस्त्री उभी केली. "काय झालं? पांढरी का पडलीस?"

"हे माझ्या आईचे शब्द आहेत," चिमणी म्हणाली. मग कोणी हसले नाही.

जुन्या बाजारातून तिने त्या गाण्याची कॅसेट मिळवली आणि मला घेऊन बापाच्या दुकानावर गेली. मंडळ सोडून गेलेल्यांना आत घेत नाहीत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मला तिने फळीवर ठेवले आणि बटण दाबले. मेकॅनिक म्हातारा झाला होता. त्याने गाणे संपू दिले.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं." त्याने माझे मागचे झाकण उघडले. "सांधा कच्चा ठेवलाय यानं." तो तापलेल्या कावियाने डाग देऊन तार नीट जोडू लागला.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"दुकान मंडळाच्या जागेत. तुझी शाळा मंडळाची. तिघंही रस्त्यावर आलो असतो."

"तिला घरातच रस्त्यावर ठेवलं आपण," चिमणी म्हणाली. "मीसुद्धा. बाबा, तो धडा अजून शिकवतात. ती खोटारडी नव्हती, एवढं एकदा सभेत सांगा. मला दुसरं काही नको."

त्याने झाकण लावले आणि मला आत ठेवून घेतले. सभेच्या दिवशी मला पिशवीत घालून तो घेऊन गेला. माझी वायर त्याने लाउडस्पीकरला जोडली. पेटीवाल्यांनी सूर धरायच्या आधी तो उठून म्हणाला, "माझी बायको खरं बोलली होती. ऐका." आणि त्याने बटण दाबले.

सभागृहभर चहा गार झाला, मित्रांनो. मग थोरल्यांनी हात वर केला आणि तीच प्रार्थना सुरू केली. सगळे मोठमोठ्याने त्यांच्या मागून गाऊ लागले, मला बुडवण्यासाठी. एक ठेका चुकला नाही. चुकणार कसा, चाल एकच होती. मी समोरच होतो. पाप म्हणताना ओठ मिटतात, चहा म्हणताना मिटत नाहीत. मागच्या रांगांतल्या कित्येक म्हाताऱ्यांचे ओठ मिटले नाहीत. थोरले, तुमचेही मिटले नाहीत.

मला जमिनीवर आपटून तुडवले. मेकॅनिकचे दुकान, हत्यारांसकट, त्याच दिवशी गेले. आता तो चिमणीच्या एका खोलीत राहतो. बापलेक फारसे बोलत नाहीत. मी कोपऱ्यात आहे. एक जाळी फाटली आहे आणि घशात खरखर आहे. मला दुरुस्त करायला त्याच्याकडे साधा पेचकसही नाही.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या यंत्राने म्हणायचे असते, मला जपा, भंगारात टाकू नका. टाका खुशाल. तुमच्या घरात कोणी काही गुणगुणत असेल, तर जवळ जाऊन पुढचे शब्द विचारा, एवढे करा. आणि अमक्याशी बोलू नकोस असे कोणी शिकवले, तर आधी त्यालाच कारण विचारा.

थोरले, तुमच्या शाळेत उद्याही तो धडा आहे. समोर लहान मुले बसतील. त्यांच्यादेखत मला एवढेच सांगा. ती बाई खोटे काय बोलली?