तंबाखूचा एक बार

चेंबरचं दार उघडलं की उखर्डू आबा कधीच लगेच आत जात नसत. सावद्याजवळच्या त्या केळी पिकवायच्या केंद्रात त्यांची हयात गेली होती. दार सताड उघडायचं, बाहेर उलट्या क्रेटवर बसायचं, दोन तोंडांची डबी काढायची, तंबाखू मळून बार भरायचा आणि तो चघळून संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. बंद खोलीत केळी पिकतात तेव्हा आतली हवा माणसाच्या कामाची राहत नाही. तरुणपणी त्यांनी एकाला अशाच खोलीत उभ्याउभ्या कोसळताना पाहिलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम.

सुपरवायझर हितेंद्रला या नेमाचं हसू यायचं. धुळ्याला डिप्लोमा करून आलेला गडी, त्याला तंबाखूवर चालणारं केंद्र कसं पटावं? चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र होतं, त्याचा आकडा वायफायवरून त्याच्या फोनवर येई. आकडा हिरवा असला तर आत जावं, लाल झाला तर थांबावं. त्यात अर्धा तास गारवा बाहेर घालवण्यासारखं काय होतं? आबा ऐकून घेत आणि बार भरत.

दिवाळीनंतर केंद्रात फायबरचं इंटरनेट आलं. नवा डबा पुढच्या ऑफिसात बसला आणि त्याचं वायफाय मागच्या चेंबरच्या जाड भिंतींपर्यंत पोचेना. मालक लीलाधरशेठ नव्या राउटरसाठी कोणाला तरी बोलवायला निघाले होते, पण हितेंद्रने त्यांना थांबवलं. टेलिफोनच्या तारेवरचा जुना मोडेम अडगळीत पडला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने नव्या डब्यातून एक निळी वायर मागे नेली, मोडेमला जोडली आणि तो चेंबरच्या दाराशी खिळ्याला टांगला. वायफायचं नाव जुनंच, पासवर्ड जुनाच, त्यामुळे यंत्राने आपसूक ओळख धरली. शेठ खूश झाले. पोरगं डोक्याचं आहे, म्हणाले.

व्हिडिओतल्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. जुन्या मोडेममधली एक सेटिंग बंद करा आणि त्याचा पत्ता बदला, नाहीतर दोन्ही डबे स्वतःलाच घरचा कारभारी समजतील. त्यासाठी मोडेमचा आतला पासवर्ड लागत होता आणि तो कुणालाच आठवत नव्हता. तरीही सगळं चालत होतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणून हितेंद्रने ते सोडून दिलं.

बुधवारी सकाळी धुळ्याची गाडी लागली. तिथून तोच माल पुढे शिंदखेड्याला जायचा होता. ड्रायव्हर गिरधर दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. आबांनी दार उघडलं, क्रेटवर बसले, डबी काढली. हितेंद्रने फोन पाहिला. हिरवा आकडा, पॉइंट चार टक्के.

"आबा, आकडा हिरवा आहे," फोन त्यांच्यापुढे धरून तो म्हणाला. "आज राहू द्या तंबाखू. गाडी उभी आहे."

आबांनी वर पाहिलं.

"तुह्या फोनले दम लागते का, भाऊ?"

हितेंद्र हसला, पण फोन त्यांच्या पुढ्यातून हलवला नाही. आबांनी डबी मिटली, खिशात घातली आणि आत गेले.

पहिलं क्रेट बाहेर यायला हवं होतं तेव्हा आलं नाही. हितेंद्रने दोन हाका मारल्या आणि धावत आत शिरला. आबा रांगांच्या मध्ये पालथे पडले होते. त्यांच्या काखेत हात घालेपर्यंत त्याचेच पाय गेले. गिरधरने त्याला कॉलर धरून ओढून काढलं. सगळी दारं उघडून आबांना बाहेर आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

संध्याकाळी हितेंद्रने पुन्हा फोन पाहिला. आकडा हिरवाच होता, पॉइंट चारच. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा आकडा रविवारी दुपारचा आहे. रविवारी दुपारी लाइट गेली होती. लाइट परत आली, पण चेंबरची हवा बाहेर फेकणारा पंखा परत सुरू झाला नाही. आत आकडा चढत राहिला. यंत्र तो मोडेमला सांगत राहिलं आणि मोडेम तो कुठेच पोचवत नव्हता, कारण परत सुरू होताना तो कारभारी होऊन बसला होता. त्याचे चारही दिवे मात्र छान लागलेले होते. हितेंद्रने तो खिळ्यावरून काढला आणि घरी नेऊन कपाटात कोंबला.

पोलिसांना लीलाधरशेठनी सांगितलं, की थांबून आत जायची आबांची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती, त्या दिवशी घाईत विसरले बिचारे. पंचनाम्यावर हितेंद्रने सही केली. सही करताना आपण मेलेल्या माणसावर आळ घेतोय, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

दहाव्याला शेठ त्याला घेऊन आबांच्या घरी गेले. शेठनी आबांच्या पत्नी सुनंदाबाईंपुढे तेच सांगितलं, विसरले बिचारे. बाईंनी ऐकून घेतलं. मग उठून आतून डबी आणली आणि दोन्ही तोंडं उघडून समोर ठेवली. तंबाखू काठोकाठ होती, चुना ओला होता.

"हे त्याईच्या खिशात निंघालं," त्या म्हणाल्या. "चाळीस वरसं हे खाल्ल्याबिगर ते आत गेले नही. त्याईले कोनं उठोलं?"

चुना अजून ओला कसा, असं काहीतरी शेठ बोलू लागले. हितेंद्रला ते ऐकवेना.

"मी," तो म्हणाला. "मी उठवलं, अक्का."

बाई रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत.

"काबरं?"

मोडेम, निळी वायर, सेटिंग, पासवर्ड, सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि त्यातलं एकही उत्तर खरं नव्हतं.

"गाडी उभी होती," तो म्हणाला.